सांडोरचा उपाशी पाहुणा

वसई म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी चिमाजी अप्पा उभे राहतात. १७३९ साली किल्ला सर झाला, आणि शाळेत जाणारे प्रत्येक पोर इतिहासाच्या पुस्तकातून एकदा तरी वसईला जाऊन येते. मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्यांना आणखी एक वसई ठाऊक असते. पहाटेच्या गाडीने येणारी, कावडीच्या टोपल्यांत पालेभाजी आणि केळी घेऊन दारोदार हिंडणारी. 'वसईवाला आला का गं?' हा प्रश्न आमच्या आईच्या पिढीने ज्या आतुरतेने विचारला, त्या आतुरतेने तिने पोस्टमनचीही वाट पाहिली नसेल. मी सांगणार आहे ती वसई या दोहोंपेक्षा निराळी. तिच्यात तोफा नाहीत आणि टोपल्याही नाहीत. तिच्यात आहे तो बोटभर लांबीचा एक मासा, आणि त्याने दोन घास खावेत म्हणून चार महिने खपलेले एक कुटुंब.

मी सांडोरला गेलो तो माशासाठी नव्हे, शब्दांसाठी. वसईच्या या पट्ट्यात सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी, कोळी अशा मराठीच्या कितीतरी बोली एकमेकींच्या कुंपणाला कुंपण लावून नांदतात. विहीर, पाट, रहाट, बागाईत यांचे शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत तोवर टिपून घ्यावेत असे बरेच दिवस मनात होते. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे माझे स्नेही सांडोरचेच. ते म्हणाले, "आमच्या वडिलांकडे या. शब्द हवे तेवढे मिळतील. फक्त मध्ये मध्ये ते उठून माशाकडे जातील, तेवढं चालवून घ्या."

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. वसई रोड स्टेशनावर उतरून पश्चिमेला निघाले की पहिली काही मिनिटे आपण वसईत आहोत की बोरिवलीत याचा उलगडा होत नाही. त्याच मजल्यांवर मजले, तीच मिठाईची दुकाने, तेच 'मोजकेच फ्लॅट शिल्लक'. मग रस्ता हळूच अंग चोरतो. कोपऱ्याकोपऱ्यावर पांढरे क्रूस दिसू लागतात, त्यांच्या पायथ्याशी ताजी फुले असतात. उतरत्या कौलांची घरे, पुढे ऐसपैस ओटी, मागे केळी आणि चाफा. गावचे देऊळ म्हणजे संत थॉमसचे चर्च. हा संत थॉमस म्हणजे जखमेत बोट घालून पाहिल्याखेरीज विश्वास न ठेवणारा शिष्य. माझ्या स्नेह्यांचे वडील सर्वार्थाने त्याच्या गावचे शोभतात, हे मला पुढे कळायचे होते. जिल्हा ठाण्याचा पालघर झाला तो २०१४ साली. त्याबद्दल विचारले तर काका म्हणतात, "पत्ता बदलला, विहीर तिथंच आहे."

ही विहीर आणि तिच्या शेजारचे बावखल यांशिवाय काकांचे कोणतेही वाक्य पुरे होत नाही. बावखल हा वसईचा खास शब्द. वाडीतला माणसाने खणलेला तलाव. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे, विहिरींना पोचायचे, आणि उरलेल्यावर बाग शिंपायची. आज पुष्कळ बावखले बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या तसे समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते, ती याच पाण्यासाठी आणि याच हिरवळीसाठी. काकांना विहीर खारी होऊ लागल्याचे कळायला प्रयोगशाळा लागली नाही. केळीच्या पानाची कड करपू लागली, आणि जिभेवर पाणी जड लागू लागले.

आणि अशा माणसाच्या ओटीवरून आत पाऊल टाकावे, तो समोर साडेचार फुटी काचेच्या टाकीत साडेतीनशे लिटर खारे पाणी!

टाकी धाकट्या चिरंजीवांची. ते जहाजावर इंजिनिअर. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर काढायचे आणि सुट्टीत घरी येऊन पुन्हा समुद्रच आणून ठेवायचा, हे काकांना कधीच पटले नव्हते. "घरात प्यायला पाणी मोजून आणि हा पठ्ठ्या मीठ घालून नासवतो," हा त्यांचा पहिला अभिप्राय. गोष्ट खोटीही नाही. या टाकीत नळाचे पाणी चालत नाही. ते आरओच्या यंत्रातून गाळून घ्यावे लागते, आणि एक बादली शुद्ध पाण्यामागे दोन-तीन बादल्या बाजूला जातात. त्या बादल्या काका एक थेंब न सांडता चाफ्याला नेऊन घालतात. पुढे त्यात मिसळायचे मीठही परदेशी, पोत्यातून येणारे. समुद्र हाकेच्या अंतरावर, मिठागरे वसईचीच, आणि मीठ मात्र विमानाने! मला गंमत वाटली. स्नेह्यांनी समजावून सांगितले ते असे. मिठागरात समुद्राचे पाणी आटवताना आपण त्यातले खाण्याचे मीठ तेवढे घेतो, मॅग्नेशियम वगैरे असलेले कडू पाणी सोडून देतो. समुद्रातल्या जिवाला तो सगळा कडू-गोड संसार हवा असतो. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास, पण सगळ्या क्षारांचा मेळ जसाच्या तसा. नुसते स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही. आणि वसईच्या खाडीचे पाणी आणावे, तर त्यात गाळ, वस्तीचे सांडपाणी, शिवाय पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी.

धाकट्यांनी जहाजावर चढायच्या आधी दहा दिवस मुंबईच्या एका दुकानातून हा मासा आणला होता. इंग्रजीत त्याला तांब्याच्या पट्ट्यांचे फुलपाखरू अशा अर्थाचे नाव आहे. मराठीत नाव नाही. अंदमानच्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळांच्या आसपास हा राहतो. चंदेरी अंगावर नारिंगी-पिवळे उभे पट्टे, पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाला खोट्या डोळ्यासारखा काळा ठिपका, आणि पुढे चिमट्यासारखे लांब तोंड. काकांच्या नातीने, म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या सातवीतल्या मुलीने, त्याचे नाव ठेवले चोचवाला.

या चोचेने शास्त्रज्ञांनाही एकदा चकवले आहे. १७६४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात श्लोसर नावाच्या एका डच डॉक्टरचे टिपण छापून आले. बटाव्हियाकडचा एक मासा तोंडातून पाण्याचा थेंब नेम धरून मारतो आणि काठावरचा किडा पाण्यात पाडतो, अशी हकीकत. हकीकत खरी, पण सोबत चित्र छापले गेले ते आमच्या चोचवाल्याचे. थेंब मारणारा खरा मासा दुसराच. पण एवढी लांब नळी ज्याच्या तोंडाला, तोच पिचकारी मारत असणार, असे लोकांना वाटणे स्वाभाविक होते. एकाची कविता दुसऱ्याच्या नावावर छापली जाण्याचे प्रकार आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात कमी नाहीत. पण त्यातला एकही कवी इतका देखणा नव्हता.

ती चोच आहे कशासाठी? प्रवाळाच्या भेगांतून, शिंपल्यांच्या सांदीतून बारीक किडे आणि कोळंबीची पिले वेचून काढण्यासाठी. दिवसभर हिंडायचे, एक एक टिपायचे, पुढच्या भेगेकडे जायचे. आपण 'चोखंदळ वाचक' असे गौरवाने म्हणतो. चोखंदळ कशाला म्हणतात ते मला सांडोरला कळले. टाकीत सुका खाऊ टाकला की तो पाण्यावर तरंगायचा. चोचवाला त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही. बर्फात गोठवलेली बारीक कोळंबी टाकली तर जवळ यायचा, एका डोळ्याने निरखायचा, चोच अगदी टेकेल इतकी पुढे न्यायचा, आणि पाठ फिरवायचा. तेवढ्यात टाकीतला निळा सर्जन मासा झडप घालून सगळे फस्त करायचा. शेपटीपाशी धारदार काटा असतो म्हणून त्या जातीला सर्जन म्हणतात. स्वभावही एखाद्या गर्दीच्या दवाखान्यातल्या सर्जनसारखा. समोरच्याला बोलूच द्यायचे नाही.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चोचवाला पंपाच्या आडोशाला उभा होता. बाजूने पाहिला तर चित्रासारखा सुरेख. समोरून पाहिला आणि पोटात कालवले. कागदासारखा. पोट खपाटीला गेलेले, आणि डोक्यामागे, जिथे मांस भरलेले असायला हवे तिथे, खळगा. स्नेही म्हणाले, "पोट रिकामं असणं वेगळं. ते एका जेवणानं भरतं. मानेमागचं मांस झिजलं म्हणजे मासा स्वतःलाच खाऊ लागला."

तो इतका खंगला कसा, याला अनेक कारणे असू शकतात. पाठवणीच्या आधी या माशांना एक-दोन दिवस उपाशीच ठेवतात, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. मग विमान, मग घाऊक व्यापारी, मग दुकान. प्रत्येक मुक्कामी नवे पाणी आणि नवे शेजारी. त्याहून वाईटही काही असते. फिलिपिन्सकडे १९६०च्या दशकापासून प्रवाळांत सोडियम सायनाइडची फवारणी करून शोभेचे मासे गुंगवून पकडण्याचा प्रकार चालत आला. मासा सावध होतो, दुकानात छान दिसतो, आणि पुढे काही आठवड्यांत झुरून जातो. आमचा पाहुणा कोणत्या समुद्रातून आणि कोणाच्या जाळ्यातून आला, हे विकणाऱ्याला सांगता आले नाही. त्याने सांगितले ते एवढेच, "सगळं खातो साहेब."

जहाजावरून रात्री फोन यायचा. पहिला प्रश्न माशाचा. "खाल्लं का?" काका फोन सुनेच्या हातात द्यायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र मला म्हणाले, "सर, पोरगा मधल्या समुद्रात आहे. त्याला मासा मेला म्हणून कोण सांगणार? मी नाही सांगणार." आणि तेव्हापासून त्या टाकीचा कारभार त्यांनी हाती घेतला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बागाइतदाराला खाऱ्या पाण्यातल्या माशाचे काय कळणार, असे कुणालाही वाटेल. पण आजारी वासराला, रुजत नसलेल्या रोपाला, नव्याने बावखलात सोडलेल्या पिलांना त्यांनी आयुष्यभर सांभाळले होते. त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट स्नेह्यांच्या पुस्तकांतही पहिलीच निघाली: याला पंक्तीतून उठवा. खाणाऱ्यांच्या रांगेत दुबळ्याला कधी वाढू नये.

म्हणून माडीवरची एक जुनी लहान टाकी खाली आली. तळाशी वाळू नाही, दगड नाही. पडलेला कण अन् कण दिसला पाहिजे. लपायला प्लंबरकडचा पांढरा पाइपाचा तुकडा. तीन बाजूंनी वर्तमानपत्र चिकटवलेले, दिवा मंद. मोठ्या टाकीतला स्पंजाचा गाळणा तसाच्या तसा उचलून आणला, कारण त्याच्यात सूक्ष्म जंतूंची वस्ती झालेली असते. माशाच्या घाणीतून अमोनिया निघतो, तो माशाला विषासारखा. हे जंतू त्याचे सौम्य क्षारांत रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वस्ती नसते. बिचाऱ्याला नव्या घरात न्यायचे आणि तिथे विषारी हवेत कोंडायचे, असे व्हायचे. तरीसुद्धा रोज सकाळी परीक्षानळीत थेंब टाकून रंग पाहायचा, आणि एक-दोन तांबे पाणी काढून तेवढेच ताजे, त्याच खारेपणाचे, त्याच उबेचे घालायचे, हा नेम ठरला. काका आधी जिभेवर थेंब घेऊन बघायचे, मग यंत्रात. यंत्र त्यांच्याशी बहुतेक वेळा सहमत व्हायचे.

औषधाचा प्रश्न निघालाच. पोटात जंत असले तर? शेजारच्या टाकीवाल्या एका तरुणाने तांब्याचे औषध घालायचा आग्रह धरला. स्नेह्यांनी ठाम नकार दिला. ही जात तांब्याला फार हळवी, आणि पोटातल्या किड्यांचे औषध द्यायचे तर ते बहुधा खाण्यातूनच द्यावे लागते. जो खातच नाही त्याला खाण्यातून औषध कसे देणार? आधी घास, मग बाटली.

घास कोणता, हे शोधण्यात नोव्हेंबर सरला. नातीने आर्टेमियाची अंडी फुगवायचे काम अंगावर घेतले. ही अंडी दिसायला कॉफीच्या चूर्णासारखी. उलट्या बाटलीत खारे पाणी, खालून हवेची नळी, वर दिवा. चोवीस-तीस तासांत नारिंगी धुके वळवळू लागते. हवा बंद केली की टरफले वर तरंगतात आणि पिले उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने ओढून, कापडावर गाळून, धुऊन टाकीत सोडायची. आणि ताजीच. पिलांच्या पोटात जन्मतः जी शिदोरी असते ती दिवसभरात संपते, मग त्यांच्यात फारसे सत्त्व उरत नाही. तिसऱ्या दिवशी नात शाळेतून आल्या आल्या ओरडत अंगणात आली. चोचवाल्याने टिपले! मी त्या रविवारी गेलो तेव्हा तिच्या चौकटीच्या वहीत नोंद होती: सकाळी ११ टोचे, दुपारी ९, संध्याकाळी १४.

टोचे मोजणे ही तिची कल्पना. या माशाला काट्यावर ठेवून वजन करता येत नाही. पाण्याबाहेर काढण्याच्या धसक्यानेच तो जायचा. तेव्हा टोचे मोजायचे, आणि दर रविवारी त्याच वेळी समोरून एक फोटो काढायचा.

पण टोचे वाढले तरी फोटो बदलेना. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढ्या पिलांनी पोट भरणार ते किती? काकू म्हणाल्या, "चुरमुऱ्यांवर पैलवान होत नाही." आणि पुढचा शब्दही त्यांचाच: "त्याला तिसऱ्या देऊन बघा की."

तिसऱ्या घ्यायला आम्ही कोळणीकडे गेलो. काकांनी फक्त दहा मागितल्या. तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले. "दहा? घरी मांजर हाय का?" काकांनी गंभीरपणे सगळी हकीकत सांगितली. चोच कशी, पट्टे कसे, मानेमागचा खळगा कसा. ती ऐकत राहिली. मग टोपलीत हात घालून तिने बारक्या, घट्ट मिटलेल्या तेवढ्या वेचून दिल्या आणि म्हणाली, "तोंड उघडं ऱ्हायलेली घालू नको. मेलेली असते." पुढे दर दोन-तीन दिवसांनी तिचा प्रश्न ठरलेला: "पाव्हना जेवला का?"

तिसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात काही तास ठेवायच्या, म्हणजे पोटातली रेती टाकून देतात. हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मग एकीची शिंप सुरीने उघडायची आणि अर्धी शिंप मांसासकट तळाशी ठेवायची. पहिल्या दिवशी चोचवाला पाइपातून बाहेर आला नाही. तासाभराने शिंप काढून टाकावी लागली, नाहीतर पाणी नासते. दुसऱ्या दिवशी तो दोनदा जवळून गेला. तिसऱ्या दिवशी मी तिथेच होतो. तो आला, तिरका झाला, आणि शिंपेच्या कडेपाशी, जिथे मांस कवचाला चिकटलेले असते, नेमकी तिथे चोच खुपसली. अंग आखडून एक झटका. एक तंतू निघाला. पुन्हा झटका. आम्ही पाच माणसे श्वास रोखून उभी. नात बोटांवर मोजत होती, ती तिसापुढे मोजायचे विसरली.

तो अन्न नाकारत नव्हता. पाण्यातून तरंगत येणारे ते तुकडे म्हणजे अन्न, हे त्याला ठाऊकच नव्हते. भेगेतून, शिंपेतून ओढून काढावे लागते ते अन्न. कोकणातल्या आजोबांच्या पुढ्यात एकाएकी बाटलीतले टॉनिक ठेवावे, तसा हा प्रकार. स्नेह्यांनी मग ती शिंपच ताट म्हणून वापरली. तिसरीच्या मांसात गोठवलेली बारीक कोळंबी चेपून द्यायची. मांस ओढता ओढता कोळंबीही पोटात. आठवडाभराने शिंपेत मांस कमी, कोळंबी जास्त. मग नुसती कोळंबी भरलेली रिकामी शिंप. दिवसातून पाच वेळा, थोडे थोडे. एकदम ढीग कधीच नाही. पहाटेची पाळी काकांची, शाळेआधीची नातीची, दुपारची काकूंची. उरलेले अर्ध्या तासात नळीने ओढून काढायचे. डिसेंबरच्या मध्याला फोटोत पहिल्यांदा फरक दिसला. पोट सपाट झाले होते. माणसाचे पोट सपाट झाल्याचा एवढा आनंद मी कधी पाहिला नाही.

आणि मग नाताळ आला. सांडोरचा नाताळ पाहण्यासारखा असतो. घराघरावर कागदी तारे, अंगणात गोठे, रात्रभर रोषणाई, पाहुण्यांची रीघ. पाहुण्यांची पोरे काचेवर टिचक्या मारायची. चोचवाला पाइपात शिरला तो दोन दिवस बाहेर आला नाही. वहीत दोन पाने कोरी. सव्वीस तारखेला काकांनी घरातली जाड चादर आणून टाकीवर टाकली आणि आरामखुर्ची दारात आडवी लावून बसले. कोणी विचारले तर सांगायचे, "आत बाळंतीण आहे." कोळंबी थांबवून पुन्हा नुसती तिसरी. एकोणतीसला तो खाऊ लागला.

जानेवारीतल्या एका रात्री वीज गेली. पंप थांबला की लहान टाकीतला प्राणवायू झपाट्याने कमी होतो. बॅटरीचा पंप नेमका मोठ्या टाकीला जोडलेला. काकांनी तांब्या घेतला, टाकीतले पाणी काढून हातभर उंचीवरून परत त्यातच धार धरायला सुरुवात केली. हवा मिसळते म्हणून. मधून मधून सून, मधून मधून नात. साडेतीन तास. मी हे दुसऱ्या दिवशी ऐकले. काकांचा उजवा खांदा आठवडाभर धरला होता आणि त्याबद्दल ते कोणाला बोलू देत नव्हते.

हे सगळे पाहताना मला चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय आठवायचे. १९५१ साली उघडलेले, एका पारशी दानशूराच्या देणगीचे नाव मिरवणारे. शाळेच्या सहलीत दोनदोनच्या रांगेने आम्ही त्या काचांपुढून गेलो होतो. २०१५ साली त्याला काचेचा बोगदा होऊन ते नव्याने उघडले, आणि २०२०च्या साथीत बंद झाले. काचेपलीकडे कोणीतरी दिवसातून पाच वेळा कोणालातरी भरवत असेल, हे तेव्हा मनातही आले नव्हते.

फेब्रुवारीत चोचवाला मोठ्या टाकीत गेला; एकदम नव्हे, भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यातून. आठ दिवस सर्जन डब्याभोवती गस्त घालून दमला, तरी त्याची गुर्मी उतरेना. शेवटी शेजारच्या त्या तरुणाच्या मोठ्या टाकीत त्याची बदली झाली. तांब्याचे औषध नाकारल्याचा सल अशा रीतीने भरून निघाला. चोचवाल्याच्या मानेमागचा खळगा बुजला होता. दगडांच्या भेगांतून तो आता दिवसभर हिंडतो.

एप्रिलमध्ये धाकटे सुट्टीवर आले. बॅगा ओटीवर टाकून आधी टाकीकडे. मग वही वाचली, पहिल्या पानापासून. कोरी दोन पाने आली तिथे थांबून त्यांनी वडिलांकडे पाहिले. काका विहिरीकडे निघून गेले होते. दोन दिवसांनी जोडीला आणखी एक असाच मासा आणण्याची गोष्ट निघाली. हे मासे घरात पैदा होत नाहीत. निदान सहजी होत नाहीत. दक्षिणेतल्या सरकारी संशोधकांनी पट्ट्यापट्ट्यांचे क्लाऊन मासे टाकीत वाढवून दाखवले आहेत, पण फुलपाखरू मासा विकायला येतो तो समुद्रातूनच उचललेला. काका एवढेच म्हणाले, "आणायचा तर आण. पण मग जहाजावर जाऊ नको. पाच वेळा भरवायला इथं राहा." दुसरा मासा आला नाही. क्लाऊनची जोडी आली, टाकीतच जन्मलेली, काहीही खाणारी. काकांना ती अजून आवडलेली नाही. "यांना काय," म्हणतात, "हॉटेलातही जेवतील."

त्या रविवारी बाजारात धाकटेही आमच्याबरोबर आले. कोळणीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "माशाचा मालक तो ह्यो काय?" काकांनी मान हलवली. एरवी काकांना ती मूठभर तिसऱ्या वर टाकून द्यायची. आज मोजून वाटा दिला आणि पैसे पुरे घेतले. दुपारी काकूंनी कालवण केले. चार बारक्या तिसऱ्या आधीच वाटीत बाजूला काढून ठेवल्या होत्या.